बाहेरून जिना लावायचाय? आधी खुर्चीपासून रस्त्यापर्यंत चालून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. दिग्रसजवळच्या गावात तुमची एकमजली इमारत आहे. खाली वडिलांचं कृषी केंद्र, वर तीस बाय चाळीस फुटांचा हॉल. त्यात तुम्ही गावातल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका काढली आहे आणि पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असं सगळं धरून साठ-सत्तर पोरं बसतात. वर जायला आतून एकच तीन फुटी जिना आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, मागच्या बाजूनं गोल लोखंडी जिना लावून देतो. तो नियमात बसेल का आणि किती रुंद हवा, एवढंच तुम्ही विचारलंय.

उत्तर एका ओळीत देता येतं: गोल नको, सरळ घ्या, दीड मीटर रुंद घ्या आणि जमलं तर लोखंडाऐवजी आरसीसी करा. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही चांगला जिना चुकीच्या जागी बांधाल. मी सत्तावीस वर्षं यवतमाळ, वाशीम, वर्धा या भागात शाळा, सभागृहं, गोदामं यांची बांधकामं करतोय आणि असे जिने भरपूर पाहिलेत. त्यातला एक माझ्याच हातचा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

खरा प्रश्न जिन्याचा नाहीच. मागच्या भिंतीजवळ बसलेली पोरगी लाइट गेलेले असताना, धूर असताना, अनवाणी, तिच्या खुर्चीपासून उघड्या रस्त्यापर्यंत पोचते का, हा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे २०१६ ची एनबीसी, या वाटेचे तीन तुकडे करते: खोलीतून दारापर्यंतची वाट, मग जिना, आणि जिना संपल्यावर उघड्या जागेपर्यंतची वाट. बहुतेक लोक मधल्या तुकड्यावर पैसा घालतात. माझ्या अनुभवात घोळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्यात.

आधी कायद्याचं बघू, कारण त्यात 'अवलंबून आहे' असा भाग बराच आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला आम्ही यूडीसीपीआर म्हणतो. प्रादेशिक योजनेतल्या ग्रामीण भागालाही ती लागते. तुमची जागा गावठाणात आहे की गावठाणाबाहेर एनए, म्हणजे बिगरशेती, केलेली आहे, यावर परवानगीचा कागद कुठल्या टेबलावर जाईल ते ठरतं. तो प्रश्न ग्रामसेवकाला आणि तालुक्याला विचारून आधीच निकालात काढा. दुसरा कायदा २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर आहे. 'कोणी सांगितलंच नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. हा कायदा तुमच्या इमारतीला लागला, तर परवानाधारक संस्थेकडून उपकरणं तपासून दर जानेवारी आणि जुलैत 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

आता तुम्हाला दुसरा जिना कायद्यानं सक्तीचा आहे का? शैक्षणिक किंवा लोक जमण्याच्या इमारतीत दोन जिन्यांचा जो नियम सगळे सांगतात, तो एका मजल्याचं क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल किंवा इमारत १५ मीटर वा त्याहून उंच असेल तेव्हाचा. तुमचा हॉल बाराशे चौरस फूट, म्हणजे १११ चौरस मीटर. नुसता हा आकडा धरला तर एखादा अधिकारी म्हणेलही की तुम्हाला एक जिना पुरे. तरी माझा सल्ला बदलत नाही. सुरतमध्ये २४ मे २०१९ ला एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत आग पोचली. जिना लाकडी होता, तोच पेटला. पोरांनी वरून उड्या मारल्या आणि २२ जण गेले. त्याआधी १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ लेकरं गेली, तिथेही वाट अरुंद होती. कुंभकोणमनंतरच्याच एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निकाल दिला आणि शाळांना एनबीसीतली आगीपासूनची सुरक्षितता बंधनकारक केली. अभ्यासिका कागदावर शाळा नाही, हे मला कळतं. पण आत बसणाऱ्याचं वय आणि दाटी तीच आहे.

दाटीचं गणित करू. एनबीसी शैक्षणिक जागेसाठी माणशी ४ चौरस मीटर धरते. त्या हिशेबानं तुमच्या हॉलमध्ये अठ्ठावीस जण. तुम्ही बसवता सत्तर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या शिकवणी केंद्रांच्या मार्गदर्शक सूचना विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर म्हणतात, त्या हिशेबानं सत्तर बसतात. यातलं कोणतं खरं? मी भांडत बसत नाही. जो आकडा प्रत्यक्षात खुर्च्यांवर दिसतो, तो धरतो. २०१६ च्या संहितेत जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे सत्तर जणांना ७० सेंटिमीटर. तुमचा तीन फुटी जिना या एका निकषावर पास होतो! म्हणूनच नुसती रुंदी मोजून समाधान मानू नका. शैक्षणिक इमारतीच्या जिन्याची किमान रुंदी वेगळी दिली आहे, ती १.५ मीटर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमचे सत्तर जण त्या एकाच जिन्यावर टांगलेले आहेत.

त्या जिन्याखाली काय आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. मी सांगून बघतो: महावितरणचं मीटर, इन्व्हर्टर, त्याच्या बॅटऱ्या, दोन मोटारसायकली आणि बहुधा एक चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडी. गावोगाव हेच असतं, कारण जिन्याखालची जागा फुकट वाटते. आग लागण्याची जिथे सगळ्यात जास्त शक्यता, तिथूनच बाहेर पडायची एकुलती एक वाट. तुमच्याकडे त्यात भर कृषी केंद्राची. कीटकनाशकाचे डबे तापले तर निघणारा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो, दोन श्वासांत माणूस गळतो. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून घरचा कापूस खालच्याच गोदामात भरत असाल, तर तोही हिशेबात धरा. कापूस आतल्या आत धुमसत राहतो. वरून विझल्यासारखा दिसतो आणि तासाभरानं पुन्हा धरतो. आणि अग्निशमनाची गाडी येणार तालुक्याच्या नगर परिषदेतून. ती निघून पोचेपर्यंत पोरं जिथे असतील तिथेच असणार. म्हणून तुमच्याकडे बंब नाही, पाय आहेत, असं समजून आखणी करा.

म्हणजे नवा जिना हा जुन्या जिन्याचा जोडीदार आहे. आणि जोडीदार चुकून शेजारी बसवायचा नसतो, दूर बसवायचा असतो. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की दोन दारांतलं अंतर खोलीच्या कर्णाच्या निम्म्यापेक्षा कमी नसावं. तीस बाय चाळीसचा कर्ण बरोबर पन्नास फूट. म्हणजे दोन दारांत किमान पंचवीस फूट. जुना जिना पुढे रस्त्याकडे असेल, तर नवं दार मागच्या कोपऱ्यात हवं. धूर एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून जाता आलं पाहिजे, एवढाच त्यामागचा अर्थ. चालण्याचं अंतर तुमच्याकडे प्रश्न नाही, आरसीसी इमारतीत ३० मीटरपर्यंत चालतं आणि तुमच्या हॉलचा कर्णही सव्वापंधरा मीटरच आहे. पण आत पार्टिशन टाकून मुलींची खोली, मुलांची खोली असं करणार असाल तर सावध राहा. पुढे वाटच नाही असा बोळ शैक्षणिक इमारतीत ६ मीटरपेक्षा लांब नको.

आता गोल जिना. तुमचा फॅब्रिकेटर म्हणाला असेल, "भाऊ, गोल टाकून देतो ना, जागा बी वाचते अन् दिसते बी चांगला." दिसतो खरा. पाण्याच्या टाकीवर चढायला मीही तो लावतो. पण गोल जिन्यात पायरीची आतली बाजू चार बोटांची असते. घाबरलेली पोरं दोघा-दोघांनी उतरायला लागली की आतल्या बाजूच्याचा पाय सुटतो, आणि एक पडला की त्याच्यावर वीस पडतात. संहिता गोल जिना अगदी कमी माणसांसाठी आणि ९ मीटरपर्यंतच्या इमारतीतच चालवून घेते. तुमची उंची त्यात बसते, पण सत्तर जण म्हणजे कमी माणसं नव्हेत. त्यामुळे गोल बाद.

सरळ जिन्याची मापं. बाहेरच्या आणीबाणीच्या जिन्यासाठी संहितेत वेगळं कलम आहे: रुंदी किमान १.२५ मीटर, पावठा, म्हणजे पाय ठेवायची जागा, २५ सेंटिमीटर, पायरीची उंची १९ पेक्षा जास्त नाही, एका दमात पंधरापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत आणि कोन ४५ अंशांच्या वर नाही. जुन्या नियमावल्यांत पाऊण मीटर रुंदीही चालून जायची, म्हणून गावात कोणी 'अडीच फूट बस' म्हणालं तर तो खोटं बोलतोय असं नाही, तो जुना आहे. शैक्षणिक इमारतीच्या नेहमीच्या जिन्याची मापं याहून सैल आहेत: १.५ मीटर रुंदी, ३० सेंटिमीटर पावठा, १५ सेंटिमीटर उंची. परवानगी देणारं कार्यालय यातलं कोणतं धरतं ते विचारून घ्या. मी स्वतः अभ्यासिका, शाळा, मंगल कार्यालय यांत नेहमीच्या जिन्याचीच मापं धरतो. कारण साधं आहे: जो जिना रोज वापरला जातो, तोच आगीच्या दिवशी आठवतो. १९-२५ चा जिना चढायला उभा वाटतो, म्हणून पोरं तो वापरत नाहीत, आणि वापरात नसलेल्या जिन्यावर महिन्याभरात कुणीतरी जुनी बाकं ठेवतं.

तुमच्या दुकानाची उंची बारा फूट धरतो, म्हणजे ३.६ मीटर. पंधरा सेंटिमीटरनं भागलं की चोवीस पायऱ्या. बारा-बाराचे दोन टप्पे, मध्ये दीड मीटरचा थांबा, वर दारासमोर दीड मीटरचा थांबा. भिंतीलगत सरळ उतरवला तर लांबी साधारण ९.६ मीटर, म्हणजे साडेएकतीस फूट, आणि भिंतीपासून बाहेर फक्त पाच फूट. मध्ये वळवला तर लांबी एकवीस फुटांवर येते, पण रुंदी साडेदहा फूट लागते. तुमची बाजूची भिंत चाळीस फुटांची असेल आणि बाजूला सहा-सात फुटांची स्वतःच्या मालकीची गल्ली असेल, तर सरळच घ्या. 'स्वतःच्या मालकीची' यावर जोर आहे. शेजाऱ्याच्या ओट्यावरून किंवा ग्रामपंचायतीच्या नालीवरून जिना काढला, तर पुढच्या निवडणुकीनंतर तो तोडायला लागतो. हसू नका, पाहिलंय.

सरळ जिन्याचा आणखी एक फायदा म्हणजे मागच्या कोपऱ्यातून निघून तो रस्त्याच्या दिशेनं उतरतो. मागच्या आवारात उतरणारा जिना सोयीचा वाटतो, पण मागचं आवार म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. तिथे ट्रॉली उभी असते, तुराट्या-पराट्यांचा ढीग असतो, गोठा असतो, आणि फाटकाला कुलूप असतं. एका आश्रमशाळेत आम्ही सराव घेतला होता. लेकरं मिनिट-दीड मिनिटात झकास खाली उतरली आणि जिन्याच्या पायथ्याशी कोंडली. फाटकाची किल्ली शिपायाकडे, शिपाई हरभरा सोंगायला वावरात. जिना पास, वाट नापास. म्हणून तुम्हीही जिना संपतो तिथून उघड्या रस्त्यापर्यंत खडूनं रेघ मारा आणि त्या रेघेवर काही ठेवायचं नाही असं घरच्यांना सांगा. ती रेघ दुकानाच्या शटरसमोरून जात असेल तर फाटक त्याच बाजूच्या कोपऱ्यात हलवा. आग शटरमधून बाहेर ओकते, तिच्या तोंडासमोरून पोरं पळायला नकोत.

यावरूनच भिंतीची निवड. बाहेरच्या जिन्यालगत खिडकी, झरोका, एक्झॉस्ट काही उघडता कामा नये. खालच्या खिडकीतून निघालेली आग जिन्यावरच्यांना भाजते आणि लोखंड असेल तर त्यालाही. लोखंड वितळायची गरज नसते. साधारण ५५० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते आणि गोदामाच्या आगीत ते तापमान काही मिनिटांत येतं. म्हणूनच २०१६ ची संहिता उघडा, संरक्षण नसलेला पोलादी जिना सुटकेचा मार्ग म्हणून मानत नाही. १२० मिनिटं आग सोसणाऱ्या बंदिस्त कप्प्यात असेल तरच मानते. फॅब्रिकेटरला हे माहीत नसतं, आणि त्याचा दोषही नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे माझी पहिली पसंती आरसीसी. बजेट नाहीच आणि लोखंडच लावायचं असेल, तर किमान एवढं करा: आंधळी भिंत निवडा, जिन्याच्या लांबीतल्या खालच्या सगळ्या खिडक्या विटांनी बुजवा, वरचं दार अग्निरोधक घ्या. आणि कागदावर त्याला संहितेतला जिना म्हणू नका. तो नसलेल्यापेक्षा बरा असलेला जिना आहे.

आता माझी चूक. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या बाजूला एका सभागृहाला मी असाच बाहेरून लोखंडी जिना दिला होता. मापं चोख होती. पाया मात्र फॅब्रिकेटरवर सोडला. त्यानं दीड फुटाचे खड्डे खणून त्यात काँक्रीट ओतलं, वर बेस प्लेट. जमीन भरकाळी. दोन पावसाळे गेले आणि वरचा थांबा भिंतीपासून दोन इंच सुटला, एका बाजूला वर उचलला. दार उघडताना खाली घासायला लागलं. कोणीतरी दार अर्धवट उघडं राहतं म्हणून त्याला साखळी लावली, आणि तिसऱ्या वर्षी ते दार कायमचं बंद. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेमधल्या भेगांत हातभर काठी जाते. इमारतीचा पाया खोल असतो, ती हलत नाही. जिन्याचा उथळ असतो, तो हलतो. दोघं एकमेकांना बांधलेले असतात, मग काहीतरी फाटतंच.

त्यानंतर मी नियम केला की बाहेरच्या जिन्याचा पाया इमारतीइतकाच खोल, भेगांच्या थराखाली, मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत. तेवढं खोल जाणं परवडत नसेल तर अंडर-रीम्ड पाइल, खाली कांद्यासारखा फुगवलेला खांब. ही पद्धत रूरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी रुजवली आणि आपल्याकडे ती खूप कामाची आहे. खड्ड्यात काढलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरा. जिन्याच्या कडेनं पाणी साचू देऊ नका, उतार बाहेरच्या बाजूला. आणि लोखंडी जिना भिंतीला जिथे बोल्टनं जोडता, तिथे एका टोकाला लांबट भोक ठेवा. सहा मीटरचं चॅनल थंडीतल्या दहा अंशांपासून उन्हाळ्यातल्या साठ अंशांपर्यंत गेलं तर साडेतीन मिलिमीटरच्या वर वाढतं. साठ अंश जास्त वाटतील, पण मेमध्ये दुपारी दोन वाजता लोखंडी रेलिंगला हात लावून बघा.

हात लावायचा विषय निघालाच आहे तर कठड्याचं सांगतो. दोन्ही बाजूंना, एक मीटर ते एक मीटर वीस उंच, आणि दांड्यांमध्ये १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नाही. आपल्याकडे उन्हात ते हाती धरता येत नाही, मग पोरं न धरता उतरतात. आरसीसी जिन्याला विटांचा कठडा आणि वर लाकडी किंवा दगडी टोपी केली तर हा प्रश्न सुटतो. लोखंडी असेल तर जिन्यावर पत्र्याची सावली टाका. पायऱ्यांना चेकर प्लेट, म्हणजे उठावाचा लोखंडी पत्रा, टाकाल तर आणखी एक अडचण येते, आणि ती मला एका अभ्यासिकेतल्या पोरानंच दाखवली: "सर, आम्ही चपला बाहेर काढतो ना." खरंच की! अभ्यासिकेत कोणी चप्पल घालून बसत नाही. म्हणजे एक, साठ-सत्तर जोड दारासमोरच्या थांब्यावर ढीग घालून पडलेले, नेमके जिथे पाय अडकायला नको तिथे. दोन, पोरं तापलेल्या प्लेटवर अनवाणी. चपलांचं रॅक आतल्या बाजूला, दाराच्या पल्ल्यापासून दूर ठेवा. थांब्यावर एकही जोड दिसला नाही पाहिजे. पायऱ्यांवर काँक्रीटचा पातळ थर घालून घेतला तर पाय पोळत नाहीत आणि घसरतही नाहीत.

दारासाठी तीन गोष्टी. रुंदी किमान एक मीटर, उंची दोन मीटर. उघडायचं बाहेरच्या बाजूला, पळणाऱ्याच्या दिशेनं. आत उघडणारं दार मागून रेटणारी गर्दीच बंद करते. हरियाणात डबवालीच्या मंडपात २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली, तिथेही बाहेर पडायची वाट बंद होती. आणि दार उघडताच पायरी नको. आधी सपाट थांबा, मग पायरी. शटर किंवा सरकतं दार सुटकेच्या वाटेवर चालत नाही, हे संहितेत आहेच, पण शटरचा मोह आपल्याकडे फार.

कुलपाचा मुद्दा खरा अवघड आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. 'मागचं दार उघडं ठेवलं तर चोरी होते, मुलींच्या सुरक्षिततेचं काय', हे पालक बरोबरच विचारतात. नियम म्हणतो, आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. यात विरोध नाही. बाहेरच्या बाजूला कडी, हँडल, कोयंडा काहीच लावू नका. आतून एकच कडी, जी अंधारात चाचपून एका हातानं निघेल. पुश बार मिळाला तर उत्तम, छातीनं ढकललं तरी उघडतो. रात्री अभ्यासिका बंद करताना आत कोणी नाही हे पाहून मग हवं तर आतून कुलूप लावा, पण सकाळी पहिला येणारा ते काढून खिशात नाही, काउंटरवर ठेवील, असा पायंडा पाडा. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांपैकी एक बिजागरीची करून ठेवा, तीही आतूनच उघडणारी.

लाइटचं वेगळं सांगायला नको. आग लागली की कोणीतरी पहिल्यांदा मेन पाडतं, आणि गावात लाइट तशीही संध्याकाळी जाते. दारावर आणि जिन्याच्या थांब्यांवर स्वतःची बॅटरी असलेले दिवे लावा. जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर ते अवलंबून नकोत, कारण तो इन्व्हर्टरच आगीत असू शकतो. त्याला तिथून हलवाच, बाहेरच्या भिंतीवर हवेशीर पेटीत.

आणि कूलर. होळी झाली की कूलर बाहेर निघतात आणि खिडकी कमी पडली की ते जिन्याच्या थांब्यावर चढतात, कारण थंड हवा आत सोडायला ती सोयीची जागा असते. मग निम्मा थांबा कूलरनं अडवलेला, खाली पाणी गळून शेवाळ, आणि वाळलेल्या ताट्या म्हणजे पेटायला तयार गवत. मी तर ड्रॉइंगमध्येच कूलरच्या जागा भिंतीवर आखून देतो, जिन्यापासून लांब. नाही आखल्या तर मालक स्वतः शोधतो आणि तो नेहमी जिनाच शोधतो.

खर्चाचा मी आकडा देत नाही, सळईचा आणि लोखंडाचा भाव मी लिहीपर्यंत बदललेला असेल. पण क्रम सांगतो, कारण सगळं एकदम जमणार नाही. या आठवड्यात, पैसे न लागता: जिन्याखालची बॅटरी, गाड्या, कापूस हलवा, चपलांची जागा बदला, खुर्च्या अशा लावा की मध्ये एक मीटरची वाट सरळ दोन्ही दारांकडे जाईल. पोरांची संख्या तूर्त चाळीसवर आणता आली तर आणा, दोन पाळ्या करा. पुढच्या महिन्यात: स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून मागच्या कोपऱ्यात दार पाडण्याची जागा ठरवा. भिंत फोडताना तिथे कॉलम किंवा बीम येतोय का, हे तुमच्या गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. मग परवानगी, मग पाया. पाया होळीनंतर आणि मृगाच्या आत संपवा. काळ्या मातीत पावसात खड्डा खणला तर तो रात्रीत ढासळतो आणि मजूर पळतात.

तुम्ही दोन फोटो आणि तीन मापं दिलीत तर याहून नेमकं सांगता येईल. बाजूच्या भिंतीचा पूर्ण फोटो, खालच्या खिडक्यांसकट. आणि मागच्या आवाराचा. मापं म्हणजे गल्लीची रुंदी, खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची, आणि इमारतीचा पाया किती खोल गेलाय ते. शेवटचं माप वडिलांना किंवा ज्यानं बांधलं त्या मिस्त्रीला आठवत असेल. नसेल तर एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघा, पण तो लगेच बुजवा, पोरं ये-जा करतात.